गुडघ्यातला गॅप आणि प्रकाशाची सुई

डॉक्टरांनी आईचा एक्स-रे लाइट बॉक्सवर लावला, दोन हाडांच्या मधल्या काळ्या पट्टीवर पेनाचं टोक ठेवलं आणि म्हणाले, "मावशी, इथला गॅप कमी झालाय. झीज सुरू झालीये." आईने मान डोलावली. दवाखान्याचा जिना उतरताना, कठड्याला धरून एकेक पायरी घेत ती मला म्हणाली, "अगं, गॅप म्हणजे रिकामी जागाच ना? मग ती कमी झाली तर चांगलंच की. हाडं जवळ आली."

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. तिच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्याचं नव्हतं आणि परळच्या त्या अरुंद जिन्यात ते देणंही शक्य नव्हतं. ते शोधता शोधता मी जिथे पोचले, त्याबद्दल हा लेख आहे. आपल्याकडे घराघरात कुणाचा ना कुणाचा गुडघा दुखतो. २०२० साली जगात ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्यांच्या झिजेचा आजार, असलेले सुमारे साठ कोटी लोक होते. तरी त्या काळ्या पट्टीत काय असतं, हे आपल्याला कुणी नीट सांगत नाही.

तर पहिली गोष्ट ही की तो गॅप रिकामा नसतो. तिथे कूर्चा, म्हणजे कार्टिलेज, असते. एक्स-रेला ती दिसत नाही, एवढंच. एक्स-रे अडतो तो मुख्यतः हाडातल्या कॅल्शियममुळे. कूर्चा बहुतांशी पाणी, त्यामुळे किरण तिच्यातून आरपार जातात आणि फिल्मवर ती जागा काळी उमटते. १८९५च्या डिसेंबरमध्ये रॉन्टगेनने बायकोच्या हाताचा जो प्रसिद्ध एक्स-रे काढला, त्यात अंगठी दिसते, बोटांची हाडं दिसतात आणि प्रत्येक पेराच्या सांध्यापाशी हाडं एकमेकांपासून सुटल्यासारखी दिसतात. त्या फटींमध्ये तिची कूर्चा आहे. सव्वाशे वर्षं झाली, एक्स-रेमध्ये आपण अजून ती फटच बघतोय.

कूर्चा कशी असते ते बघायचं असेल तर मटणाच्या दुकानात जा. मी गेले. बकऱ्याच्या पायाचा गुडघा न तोडता, सांधा उघडून द्यायला सांगितलं. हाडाच्या टोकावर निळसर पांढरा, ओला, आरशासारखा चकचकीत थर होता. बोट ठेवलं की निसटतं. नखाने दाबलं तर किंचित आत जातं आणि लगेच वर येतं. पंख्याखाली दहा मिनिटं ठेवल्यावर ती चकाकी गेली आणि थर मळकट दिसू लागला. मिठाच्या पाण्यात टाकल्यावर बराचसा पूर्ववत झाला. मग दिवा घालवून मोबाईलचा टॉर्च एका कडेला टेकवला. उजेडाचा ठिपका टॉर्चपुरता राहिला नाही. तो थरात पसरला, आणि टॉर्चच्या भोवतीचा भाग कंदिलाच्या काचेसारखा आतून उजळला. पुढे जे सांगणार आहे, त्याची किल्ली या पसरलेल्या उजेडात आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

माणसाच्या गुडघ्यात हा थर साधारण दोन ते चार मिलिमीटर जाड असतो आणि वाटीच्या मागे आणखी जाड. त्याचं काम मात्र अवाढव्य आहे. सपाट रस्त्यावर चालताना गुडघ्यावर वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो. जिना चढताना तो तिपटीच्या पुढे जातो, आणि उतरताना जवळजवळ साडेतीन पट होतो. दादरचा पूल चढताना नाही पण उतरताना गुडघा जास्त बोलतो असं कुणी म्हणालं, तर त्यात तथ्य आहे. हा भार दिवसातून हजारो वेळा पेलायचा, आणि तोही बर्फावर बर्फ घासताना होतं त्याहून कमी घर्षणात.

हे जमतं कसं? सब्जा आठवा. फालुद्यातल्या सब्जाच्या प्रत्येक दाण्याभोवती पाणी धरून ठेवणारा बुळबुळीत थर फुगतो. आता कोरडा सब्जा मलमलीच्या फडक्यात घट्ट बांधून पाण्यात टाका. दाणे फुगू पाहतात, फडकं त्यांना फुगू देत नाही, आणि पुरचुंडी टणक होते. कूर्चेत सब्जाचं काम प्रोटिओग्लायकन नावाचे रेणू करतात आणि फडक्याचं काम कोलॅजनचे धागे. फुगण्याची ओढ आणि तिला आवरणारी वीण, या दोघांच्या ताणावर आपण उभे असतो. त्या विणीलाही रचना आहे. पृष्ठभागाजवळ धागे पृष्ठभागाला समांतर, मध्ये वाटेल तसे, आणि हाडाजवळ उभे, हाडात रोवलेले.

झीज सुरू होते तेव्हा कूर्चा लगेच पातळ होत नाही. आधी वीण सैल पडते, प्रोटिओग्लायकन निसटू लागतात, पृष्ठभागावर केसाहून बारीक चिरा जातात. कूर्चा उलट पाणी जास्त घेते आणि मऊ पडते. म्हणजे सुरुवातीला गॅप जसाच्या तसा असतो. आणि माणसाला काही कळत नाही, कारण कूर्चेत नसाच नाहीत. दुखतं ते पुढे, हाड, सांध्याचं अस्तर आणि आजूबाजूचे भाग त्रासात सापडल्यावर. तिच्यात रक्तवाहिन्याही नाहीत, त्यामुळे कातडीवरची जखम भरते तशी ती भरून येत नाही. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ सालीच लिहून ठेवलं होतं की कूर्चा एकदा नष्ट झाली की परत येत नाही.

झीज किती हे सांगणारी एक्स-रेवरची ग्रेड केलग्रेन आणि लॉरेन्स या डॉक्टरांनी १९५७ साली मांडली, शून्य ते चार. आईची दोन. ती ठरते हाडाच्या कडांना फुटलेल्या कोंबांवरून आणि गॅपवरून. हे काम सरळ आणि स्वस्त आहे, मी त्याला नावं ठेवणार नाही. (एक मात्र बघा: गुडघ्याचा एक्स-रे उभं राहूनच काढलेला हवा. आडवं झोपवून काढला तर वजनच पडत नाही आणि गॅप आहे त्यापेक्षा मोठा दिसतो.) अडचण ही की झीज असलेल्या गुडघ्यातही गॅप वर्षाला सरासरी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास कमी होतो. एवढासा फरक एक्स-रेवर खात्रीने पकडायला वर्षं जातात. एमआरआय कूर्चा प्रत्यक्ष दाखवतो, हे त्याचं मोठेपण. पण नेहमीच्या एमआरआयमधला एक ठिपका मिलिमीटरच्या तिसऱ्या भागाएवढा किंवा त्याहून मोठा असतो. केसाएवढी चीर त्यात हरवते.

तिसरी वाट दुर्बिणीची. टोकियोत केन्जी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. आर्थ्रोस्कोपीच्या, म्हणजे सांध्यात दुर्बीण घालून बघण्याच्या, पहिल्या पावलांपैकी ते एक होतं. आज सर्जन दोन छोट्या छिद्रांतून कॅमेरा आणि बारीक आकडी आत घालतात, कूर्चेकडे बघतात आणि आकडीने दाबून मऊपणा अजमावतात. म्हणजे झिजेची पहिली पायरी हाताच्या अंदाजावर ठरते. दोन अनुभवी हातांचे अंदाज वेगळे येतात, आणि पृष्ठभाग शाबूत असेल तर खालची उसवलेली वीण कॅमेऱ्याला दिसत नाही.

इथे प्रकाश येतो. प्रकाश म्हणजे लांबून टाकलेला दिवा नव्हे, तर मोजपट्टी म्हणून वापरलेला प्रकाश.

अंधारात मोबाईलचा टॉर्च बोटाखाली धरा, बोट लालभडक दिसेल. रक्त हिरवा आणि निळा रंग पिऊन टाकतं, लाल आणि त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश बराचसा पार होतो. करोनाच्या काळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटर याच दोन प्रकाशांवर चालतो. पण लाल बोटात हाड दिसतं का? नाही. प्रकाश पार होतो, चित्र पार होत नाही. पेशी आणि धागे प्रकाशाला दर पावलाला वळवतात, विखुरतात. पावसाळ्यात कसाऱ्याच्या घाटातल्या धुक्यासारखं ते आहे: समोरच्या गाडीच्या दिव्याचा उजेड पोचतो, गाडीचा आकार पोचत नाही. बोटाचा सांधा लहान, म्हणून त्याच्यावर बाहेरून प्रकाश टाकून सूज ओळखायचे प्रयोग झालेत. गुडघ्यापुढे मात्र कातडी, चरबी, स्नायू, अस्तर एवढं सगळं आहे. बाहेरून टॉर्च लावून कूर्चेची चीर बघता येईल अशी आशा मी कुणाला देणार नाही. प्रकाशाला कूर्चेपर्यंत नेऊन पोचवावं लागतं, सुईएवढ्या नळीतल्या काचेच्या तंतूतून.

एकदा तिथे पोचला की धुक्याचा प्रश्न सोडवणारं तंत्र आहे, आणि ते तुमच्या घरातल्या ज्येष्ठांनी बहुधा अनुभवलेलं आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी आईला एका यंत्रावर हनुवटी ठेवायला सांगितलं होतं. "समोरच्या खुणेकडे बघा, पापणी हलवू नका," आणि काही सेकंदांत पडद्यावर तिच्या डोळ्याच्या पडद्याचे थर दिसले, बाकरवडी कापल्यावर दिसतात तसे एकावर एक. ती ओसीटी, म्हणजे ऑप्टिकल कोहरन्स टोमोग्राफी. अमेरिकेतल्या एमआयटीच्या चमूने १९९१ साली ती जगापुढे ठेवली. त्या पहिल्या निबंधात दोन नमुन्यांची चित्रं होती, डोळ्याच्या पडद्याची आणि हृदयाच्या रक्तवाहिनीची. आज दोन्ही ठिकाणी ती रोजच्या वापरात आहे.

तिचं तत्त्व सोनोग्राफीसारखं: लहर आत पाठवायची आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला त्यावरून खोली ठरवायची. पण आवाज सावकाश जातो, प्रकाश नाही. दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, एवढं अंतर कापायला प्रकाशाला जो वेळ लागतो तो असा: सेकंदाचे तीस लाख कोटी भाग करा, त्यातला एक. असं घड्याळ दवाखान्यात ठेवता येत नाही. म्हणून वेळ न मोजता जुळणी बघतात.

भजनातले टाळकऱ्यांचे दोन गट डोळ्यांपुढे आणा. दोघे एकच साधा ठेका धरून आहेत, टक टक टक टक. एक गट दोन ठोके मागे पडला तरी टाळ एकावर एक पडतातच. ते नेमके किती मागे आहेत हे ऐकून कळणार नाही. आता दोन्ही गटांना एक लांबलचक, कुठेही न परतणारा, सतत बदलणारा बोल दिला. आता टाळ एकत्र पडतील ते फक्त दोघे अगदी एका क्षणी सुरू झाले असतील तरच. जरा मागेपुढे झालं की नुसता गोंगाट. लेझरचा शुद्ध एकरंगी प्रकाश म्हणजे तो साधा ठेका. ओसीटीत मुद्दाम अनेक तरंगलांब्या मिसळलेला प्रकाश घेतात, तो म्हणजे न परतणारा बोल. त्याचे दोन भाग करतात. एक भाग कूर्चेत जातो, दुसरा ठाऊक अंतरावरच्या आरशाकडे. परतताना दोघे जुळले, तर कूर्चेतला प्रकाश आरशाएवढंच अंतर कापून आला हे पक्कं. आरसा सरकवत नेला की एकेका खोलीचा जाब मिळत जातो. हल्लीच्या यंत्रांत आरसा न हलवता, परतलेल्या प्रकाशाचे रंग वेगळे करून हाच हिशेब एका झटक्यात होतो. धुक्यात भरकटत आलेला प्रकाश लांबच्या वाटेने येतो, त्याची जुळणी बिघडते आणि तो बराचसा आपोआप गाळला जातो. मला यातलं हे सगळ्यात सुंदर वाटतं: भरकटलेल्यांना वेगळं काढायला कुणी बसवावं लागत नाही.

कूर्चेसाठी सहसा १३०० नॅनोमीटरच्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश घेतात. त्यात दहा-वीस मायक्रॉनचे बारकावे दिसतात आणि खोली मिळते एक ते दोन मिलिमीटर. म्हणजे जाड कूर्चेत खालच्या हाडापर्यंत नजर पोचेलच असं नाही. पण झीज बहुधा वरून सुरू होते आणि वरचा भाग स्वच्छ दिसतो: चिरा, उसवलेले धागे, विखुरण्यात झालेला बदल. काढलेल्या कूर्चेवर १९९०च्या दशकाच्या अखेरीस हे करून पाहिलं गेलं, आणि पुढच्या दशकात आर्थ्रोस्कोपीच्या नळीतून माणसांच्या गुडघ्यातही.

पृष्ठभाग फाटण्याच्याही आधीचं काही दिसेल का? यासाठी मी कॉलेजच्या लॅबमध्ये एक छोटी गोष्ट केली. बकऱ्याच्या त्या सांध्यातून बॉटनीच्या प्रॅक्टिकलला घेतात तसा ब्लेडने पातळ उभा छेद घेतला आणि एकमेकांशी आडव्या ठेवलेल्या दोन पोलरॉइडच्या, म्हणजे एकाच दिशेने कंपणारा प्रकाश पार होऊ देणाऱ्या पट्ट्यांच्या, मध्ये धरला. पोलरॉइड असे ठेवले की उजेड पूर्ण अडतो, सगळं काळं. पण छेद मध्ये सरकवून थोडा तिरका केल्यावर भिंगातून धूसर का होईना तीन पट्टे दिसले. वरची कड उजळ, मध्ये अंधारा पट्टा, हाडाकडे पुन्हा उजळ. एका दिशेने मांडलेले कोलॅजनचे धागे प्रकाशाच्या कंपनाची दिशा बदलतात, म्हणून तिथे उजेड पार होतो. मधले धागे विस्कळीत, म्हणून तिथे अंधार. ओसीटीतही असा एकाच दिशेने कंपणारा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश वापरता येतो, आणि निरोगी कूर्चेत उजळ आणि काळे पट्टे उमटतात. वीण बिघडली की पट्टे फिके होतात, कधी कधी पृष्ठभाग अजून गुळगुळीत असतानाच. मात्र नळी कूर्चेवर तिरकी टेकली तरी पट्टे बदलतात, त्यामुळे सर्जनचा हात कोणत्या कोनात आहे याचा हिशेब ठेवावा लागतो. ही साधी अडचण नाही, गुडघ्याच्या आत कोपरे फार आहेत.

ओसीटी रचना सांगते, रसायन सांगत नाही. सब्जा किती उरला ते सांगायला दोन वेगळ्या वाटा आहेत. एक अवरक्त प्रकाशाची: पाणी आणि प्रथिनं त्यातल्या ठरावीक तरंगलांब्या शोषतात, धान्यातला ओलावा मोजायलाही हीच युक्ती वापरतात, आणि ती झटपट होते. दुसरी रामन परिणामाची. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात सी. व्ही. रामन यांना आढळलं की पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशातला अगदी थोडा भाग रंग बदलून येतो, आणि तो बदल त्या पदार्थाच्या रेणूची खूण असतो. विखुरलेल्या कोटीभर प्रकाशकणांत असा एखादाच. पण तो एखादा पकडला तर प्रोटिओग्लायकनमधला सल्फेट, कोलॅजन आणि कॅल्शियमयुक्त खनिज यांच्या खुणा वेगवेगळ्या वाचता येतात. आपण दर वर्षी विज्ञान दिनाला शाळांमधून रामन यांच्या फोटोला हार घालतो. त्या दिवशी मुलांना एवढं तरी सांगावं की हाच परिणाम सुईच्या टोकावर बसवून सांध्याची कूर्चा वाचायचे प्रयत्न चालू आहेत.

हे सगळं आज गुडघ्याच्या ओपीडीत मिळतं का? नाही. डोळ्यापर्यंत प्रकाश आपणहून पोचतो, गुडघ्यात शिरावं लागतं, हा त्यातला मोठा अडसर. केवळ तपासणीसाठी, न दुखणाऱ्या गुडघ्यात सुई घालणं मलाही पटत नाही. आणि लवकर कळलं तरी झीज थांबवणारं मान्यताप्राप्त औषध अजून नाही. पण हे दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते नीट बघायला हवं. औषधाचा परिणाम जर वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाने सरकणाऱ्या गॅपवर मोजायचा, तर चाचणीत अनेक माणसं आणि अनेक वर्षं जातात. कूर्चेतला बदल मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या मापाने आणि रसायनाच्या मापाने दिसला, तर एखादं औषध काही करतंय की नाही हे कितीतरी आधी कळू शकेल.

आणि एक गुडघा असा आहे जिथे सुई घालायचा प्रश्नच उरत नाही, कारण तो आधीच उघडलेला असतो. लालबाग-परळ-प्रभादेवीत कबड्डी अजून जीव तोडून खेळतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा पकडीत गुडघा वळला आणि आतला, हाडांना बांधून ठेवणारा मुख्य लिगामेंट, एसीएल, तुटला. वय सतरा. एक्स-रे नॉर्मल, गॅप पूर्ण. पण अशी दुखापत झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना पुढच्या दहा ते वीस वर्षांत त्याच गुडघ्यात ऑस्टिओआर्थ्रायटिस होतो. म्हणजे तिशीत, पस्तिशीत, ऐन कमावत्या वयात. लिगामेंट बसवायला त्याची आर्थ्रोस्कोपी झालीच. कॅमेरा आत होता, कूर्चा समोर होती. त्याच छिद्रातून आणखी एक बारीक तंतू गेला असता, तर धक्क्याने वीण कुठे उसवली ते तिथल्या तिथे नोंदवता आलं असतं. मला विचाराल तर हे तंत्र आधी यायला हवं ते इथे, या पोरांसाठी. आईच्या वयापेक्षा त्यांच्या वयात वाचवण्यासारखं जास्त उरलेलं असतं.

तोवर आईच्या हातात जे आहे ते ती करतेय. शेजारच्या काकूंनी सांगितलं होतं, चालणं बंद कर. मी ते मोडून काढलं. रक्तवाहिन्या नसलेल्या कूर्चेला पोषण मिळतं ते सांध्यातल्या द्रवातून, आणि दाब पडला-सुटला की स्पंजसारखी तिची देवघेव चालते. म्हणून सकाळी सपाट रस्त्यावर चालणं, फिजिओथेरपिस्टने शिकवलेला मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, आणि वजन. वजन एक किलो घटलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असं गुडघेदुखीच्या रुग्णांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. हा आकडा तिने फ्रिजवर चिकटवून ठेवलाय.

तो छेद मी मिठाच्या पाण्यात घालून घरी आणला होता. लॅपटॉपच्या पडद्यातून येणारा उजेड मुळातच ध्रुवित असतो, त्यामुळे पांढरा पडदा उघडला, वर काचपट्टी धरली, तिच्यावर पोलरॉइड ठेवला आणि आईच्या हातात भिंग दिलं. तिने चष्मा वर सरकवला. मी काचपट्टी सावकाश फिरवत गेले आणि कड उजळली.

"हे काय, चमकतंय ते?"

"गॅप," मी म्हटलं. "तुझ्या एक्स-रेत काळा दिसतो तोच. हा बकऱ्याचा."

ती बराच वेळ बघत राहिली. मग भिंग खाली न ठेवताच म्हणाली, "फिरव परत. मधली काळी रेघ कुठून सुरू होते ते बघू दे."